टेस्टचे फोटो

जळकोटला हायवेलगत पाशामियाँचा फोटो स्टुडिओ आहे. त्या स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर गेल्या आठवड्यापासून नुसता कण्हत होता. सुरू केला की आतून टकटक यायची, मग पडदा निळा पडायचा, मग बराच वेळ काहीच व्हायचं नाही. पाशामियाँ आधी त्याला थोपटायचे, मग दोन शिव्या हासडायचे, आणि तो सुरू झाला की दोन्ही उपाय लागू पडले असं धरून चालायचे. शेवटी त्यांनी सोलापूरला नोकरी करणाऱ्या मुलाला बोलावून घेतलं. कलीमनं डब्याला कान लावला आणि तोंड वाकडं केलं. हार्ड डिस्क मरायला टेकली होती. वाचवायचं ते आजच दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं, आणि सगळ्यात गरजेचं ते आधी, कारण ही एकदा थांबली की पुन्हा उठणार नाही, असं त्यानं बजावलं.

सगळ्यात गरजेचं काय, हे पाशामियाँना पक्कं ठाऊक होतं. पण ते सांगायला तोंड उघडेना.

त्यांची बायको शरिफाबी जाऊन वर्ष होत आलं होतं. बाई जन्मभर फोटोला भ्याली. कुणी मोबाईल वर केला की तिचा पदर तोंडावर. ज्या घरात नमाज पढायचा तिथं भिंतीवर फोटो टांगायचा नाही, हा तिचा हट्ट फोटोग्राफरच्या घरात शेवटपर्यंत चालला. मागं राहिला तो आधार कार्डावरचा फोटो, आणि त्यात तर कुणी दुसरीच घाबरलेली बाई बसली होती.

पण स्टुडिओत नवा दिवा आला, मागचा पडदा बदलला, कॅमेरा दुरुस्त होऊन आला, की उजेड तपासायला कुणाला तरी स्टुलावर बसवावं लागतं. घर स्टुडिओच्या मागंच. पाशामियाँ हाक मारायचे आणि शरिफाबी पिठाच्या हातांनी येऊन बसायची. हा फोटो थोडाच होता, ही टेस्ट होती, आणि टेस्टला तिची हरकत नसे. "झालं का? तव्यावर भाकर हाय," म्हणायची आणि नेमकी तेव्हाच हसायची. टेस्टचे फोटो संध्याकाळी पुसून टाकायचे असतात, ही शिस्त पाशामियाँनीच कलीमला शिकवलेली. स्वतः मात्र ते शरिफाबीचे फोटो याच कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात साठवत गेले, वर्षानुवर्षं. ती गेल्यावर दुकान बंद करण्याआधी रोज एकदा उघडून बघायचे. कागदावर छापायचं काही त्यांच्या मनाला पटलं नाही. तिनं टेस्टला हो म्हटलं होतं, फोटोला नाही.

आता पोटच्या पोराला कसं सांगायचं, की सगळी गिऱ्हाइकं राहू दे आणि आधी तुझ्या अम्मीला बाहेर काढ? दाढी पांढरी झाली तरी त्यांना लाज वाटली. तरीही त्यांनी घसा खाकरला, आणि तेवढ्यात दारात लक्ष्मीबाई येऊन उभी राहिली.

ती तामलवाडीची. तिचा नवरा बब्रुवान गेला होता आणि त्याचा धड असा एकही फोटो घरात नव्हता.

"भाई, माझ्या पुतणीचं लगीन हितंच झालतं, फोटू तुमीच काढलते," ती म्हणाली. "त्यात मालक असतील कुठंतरी. उद्या तेरावं हाय. हार घालायला घरात काय न्हाय."

कलीमनं वडलांकडं पाहिलं. एवढ्या लग्नात एक माणूस हुडकायचा म्हणजे वेळ जाणार, आणि डिस्क तोवर टिकेल याची खात्री नव्हती. आधी काय घ्यायचं, त्यानं विचारलं. पाशामियाँनी लक्ष्मीबाईच्या तोंडाकडं पाहिलं आणि लग्न आधी घे म्हणाले.

एकेक फोटो वरून खाली सावकाश उमटत होता. नवरानवरीत बब्रुवान नव्हता, पाव्हण्यांच्या घोळक्यात नव्हता, फेटे बांधलेल्यांतही नव्हता. आतली टकटक वाढत चालली आणि पाशामियाँचा जीव टांगणीला लागला. न राहवून ते बोलले, "कलीम, ते टेस्टचं जरा..."

कलीमनं मानही वर केली नाही. "टेस्टचं शेवटी, अब्बा. टेस्ट म्हंजे कचरा, तुमीच सांगायचा न्हाय का?"

आपल्याच हातानं लावलेली शिस्त, आता पाशामियाँ बोलणार कुणाला?

बब्रुवान सापडला पंगतीत. हातात बुंदीची बादली, वाकून वाढता वाढता कुणीतरी हाक मारली म्हणून वर पाहिलेलं. लक्ष्मीबाईनं पडद्यावर बोट टेकवलं. कलीमनं तेवढा फोटो चटकन उतरवून घेतला. पाशामियाँना खरोखर बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. मग कलीमनं बाकीचं घ्यायला सुरुवात केली, आणि आत पत्रा खरवडल्यासारखा आवाज होऊन सगळं थांबलं. त्यानं पुन्हापुन्हा सुरू करून पाहिलं. शेवटी हात झटकले आणि आता कुणाकडंही नेली तरी यातून काही निघणार नाही म्हणाला.

पाशामियाँना वाटलं, इथंच फरशीवर बसावं आणि मोठ्यानं रडावं. त्याऐवजी त्यांनी कलीमच्या लॅपटॉपवर बब्रुवानचा चेहरा मोठा केला, बादली कापली, मागं निळा रंग भरला आणि फोटो छापून चौकटीत बसवला.

लक्ष्मीबाईनं चौकट छातीशी धरली. बंद पडलेल्या पडद्याकडं बघून तिनं विचारलं, "भाई, माझ्यापायी तुमचं काय गेलं तर न्हाय ना?"

खरं सांगितलं असतं, तर उद्यापासून त्या फोटोला हार घालताना दर वेळी तिचा हात अडखळला असता.

"न्हाय, ताई," पाशामियाँ म्हणाले. "आमचं काय असतंय त्यात? टेस्टचे फोटू होते नुसते."

शेजारी कलीमनंही मान हलवली.

"मग बरं झालं," लक्ष्मीबाई म्हणाली. पाशामियाँनी तिच्याकडून चौकट घेतली, रिक्षात काच फुटू नये म्हणून जुन्या पेपरात नीट गुंडाळली आणि वरून सुतळी बांधून दिली.