नेदाची चूक नव्हती

नेदाला पुरून आठवडाही झाला नव्हता. त्यात गव्हर्नरसाहेब कॅमेरेवाले घेऊन गावात येणार म्हटल्यावर स्तामेनचं टाळकंच सरकलं. झुलत्या पुलाची कुजकी फळी मोडली आणि त्याची बायको नदीत पडून गेली. आणि कॉफीच्या दुकानात लोक काय बोलत होते? एवढं पाणी असताना बाईनं जायलाच नको होतं म्हणे! जसा काही पूल फोटो काढण्यापुरताच बांधला होता.

माणूस गेलं की आमच्याकडे त्याचं फोटोसकट शोकपत्रक घराच्या दारावर, विजेच्या खांबांवर चिकटवतात. स्तामेननं एक मुद्दाम ग्रामकचेरीच्या दारावर लावलं, अगदी मधोमध. गावची सरपंच रुमेना ते फाडणार आणि मग आपण तिला चारचौघांत फैलावर घेणार, असा त्याचा सरळ हिशेब. थंडी सरल्यावर नेदाच तिला कुजक्या फळ्यांबद्दल सांगून आली होती. "जत्रा उरकू दे मावशी, मग बघते," रुमेना म्हणाली होती. जत्रा उरकली, बघायचं राहून गेलं.

पण रुमेनानं पत्रकाला हात लावला नाही. ते फाडलं गव्हर्नरच्या माणसानं, गाड्या यायच्या तोंडावर. स्तामेन त्याच्या अंगावर जाणार, तोच रुमेना बाहेर आली आणि तिनं तुकडे त्या माणसाच्या हातातून काढून घेतले.

"अहो बाई, कॅमेऱ्यात बरं नाही दिसत ते."

"बरं दिसायला इथे लग्न आहे का?" असं म्हणून तिनं तुकडे जुळवून पुन्हा दारावर चिकटवले.

गव्हर्नरांनी पुष्पचक्र ठेवलं. निसर्गापुढे कुणाचं चालत नाही वगैरे बोलले आणि माइक रुमेनाकडे दिला. तिनंही नदीवर ढकलायचं, म्हणजे चौकशीत तिचं नाव येणार नाही, असं ठरलेलं होतं. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं.

"नदीनं काही केलेलं नाही," रुमेना म्हणाली. "नेदामावशी मला सांगून गेली होती. पूल बंद करणं माझं काम होतं, मी ते केलं नाही. मावशीची काहीएक चूक नव्हती. चौकशीत पहिलं नाव माझं लिहा. आणि साहेब, या खोऱ्यात असले आणखी पूल आहेत. ते आज बंद करा, फुलं मागाहून आणा."

गव्हर्नरांचा चेहरा उतरला. कॉफीच्या दुकानातली तोंडाळ मंडळी माना खाली घालून उभी राहिली. स्तामेनला रडू फुटलं. या पोरीचा त्याला अभिमान वाटत होता आणि तसा वाटतो म्हणून स्वतःचाच राग येत होता.

गाड्या गेल्यावर दुकानवाला पेन्चो हळूच म्हणाला, "संपली ही. आता कोण विचारतंय हिला?"

"तोंड आवर," स्तामेन म्हणाला आणि चालू लागला.

गावाच्या वरच्या अंगाला तसाच दुसरा पूल होता. त्याच्या तोंडाशी रुमेना एकटीच आडव्या फळ्या ठोकत होती. स्तामेननं जाऊन फळीचं दुसरं टोक धरलं.

"काका, मला माफ..."

"नाही करणार. मरेपर्यंत नाही." त्यानं फळी घट्ट दाबली. "पण चौकशीला बोलावतील तेव्हा मी बरोबर येणार. आमची सरपंच एकटी गेली, असं कुणी म्हणता कामा नये. ठोक आता."