रंभाची मोरपंखी

“कुणाला इचारून फोडलीस कुंडी?”

पालघरच्या दवाखान्यातून परतलेल्या रखमाबाई फाटकातच थबकल्या. क्वार्टरच्या अंगणात त्यांची सून गोजरा गुडघ्यांवर बसून मोरपंखीच्या बुंध्याशी माती दाबत होती. शेजारी कामवाली पारू फावडं घेऊन उभी.

“मुळ्यांनी तळ धरला व्हता. फोडल्याबिगर निघंना,” गोजरा म्हणाली.

“माझ्या रंभाची कुंडी व्हती ती!”

रंभा म्हणजे रखमाबाईंच्या मुलाची, भगवंताची, पहिली बायको. बाळंतपणात गेली. सदुसष्ट साली भगवंताला तारापूरला अणुवीज प्रकल्पावर नोकरी लागली, तेव्हा तिची मोरपंखी संगमनेरहून ट्रकमध्ये सासूच्या मांडीशी बसून आली. पाणी मात्र गोजराच घालायची. आणि रखमाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, “ही आमच्या सुनंची.” मग आपण कोण, हे गोजरानं कधी विचारलं नव्हतं.

“आमचं गाव उठवून तुमची घरं बसली,” पारू हात झटकत म्हणाली. “झाड तरी बसू द्या, आजी.”

“तू गप गं!”

संध्याकाळी भगवंत आला. आईनं रडून सगळं सांगितलं. त्यानं झाडाकडे पाहिलं, “चहा टाक” म्हणाला आणि आत गेला. असल्या नवऱ्यापेक्षा नसलेला बरा, असं गोजराला त्या दिवशी स्वच्छ वाटलं.

मोरपंखीनं जमीन धरली. कोवळे हिरवे शेंडे फुटले. गोजरा सकाळी उठून आधी तेच पाहायची. एका सकाळी पाहते तर रखमाबाई तपेलं घेऊन बुंध्याशी वाकलेल्या. बंबातलं कढत पाणी. मातीतून वाफ निघत होती.

“आत्याबाई!”

“तुझ्या हातानं न्हाई वाढायची ती,” रखमाबाई वळल्यादेखील नाहीत. “माझी पोर हाय.”

“तुमची पोर मेली, आत्याबाई. मी जिती हाय. माझ्याकडं बी एकदा बघा की!”

रखमाबाईंनी उरलेलं पाणी ओतलं.

मोरपंखी तांबूस पडली, वाळली. भगवंत उपटायला गेला, तेव्हा गोजरानं त्याचा हात धरला.

“ऱ्हाऊ द्या.”

त्या दिवसापासून ती सासूच्या धुतलेल्या चोळ्या त्याच झाडावर वाळत घालू लागली. काढायला मात्र कधी गेली नाही. रोज संध्याकाळी रखमाबाईंनाच जावं लागे. वाळक्या काड्यांत अडकलेली चोळी फाटू नये म्हणून हळूहळू सोडवत त्या तिथं उभ्या असत, आणि गोजरा दारातून बघत राही.