लावला की लावलं

अनसूयेचे वडील गेले ते आषाढात, ऐन लावणीच्या तोंडावर. माले गावात त्यांची भाताची दोन खाचरं. अनसूया त्यांची एकुलती एक. तेरावं उरकून आम्ही जांब्याला आमच्या फ्लॅटवर परत आलो आणि तेव्हापासून ती खिडकीपाशी बसून होती. रडली नाही. विचारलं तर हो किंवा नाही एवढंच म्हणे. वाढलं तर दोन घास खाई.

मी आयुष्यभर शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. दुःखात असलेल्या माणसाशी काय बोलावं हे पुस्तकांत सापडेल असं वाटून मी कपाट उघडून बसलो. सापडलंही काही काही. पण ते तिच्यासमोर म्हणायला जावं, तर दुसऱ्या कुणाचं तरी वाटे. मग मी चहा करून तिच्याजवळ ठेवी. चहावर साय धरे. मी पुन्हा करी.

वडील होते तोवर संध्याकाळी ती रोज त्यांना, आबांना, फोन करायची. माझ्याशी तिची भाषा शाळेतली, आबांशी मालेतली. पावसाळ्यात पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘आबा, भात लावलं का?’’ खाचरातलं भात नपुंसकलिंगी, ताटातला पुल्लिंगी. आबांना व्याकरण ठाऊक नव्हतं, खोडी ठाऊक होती. ते म्हणायचे, ‘‘लावला की. तीन शिट्ट्या झाल्या. तुजा झाला का?’’ दर वर्षी तेच, आणि दर वर्षी ती हसायची. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडं धरून ऐकायचो. त्या बोलण्यात मला कधी शिरता आलं नाही.

त्या संध्याकाळी मी भाजी घेऊन आलो तर कुकर ओट्यावर काढलेला दिसला. ती उठली असेल, मला वाटलं. भात लावला का, एवढंच विचारायचं होतं. दारापर्यंत आलो आणि आठवलं, की हे तर त्या दोघांचे शब्द. दुसरे शोधायला लागलो आणि त्या गडबडीत तोंडातून निघालं, ‘‘अनसूया, भात लावलं का?’’

तिनं मान वळवली. मी पिशवी धरून उभाच राहिलो. चुकलं, मला कुकरचं विचारायचं होतं, असं काहीतरी पुटपुटलो. तिनं ते ऐकलं नसावं.

‘‘न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘कोन लावनार?’’

माझ्याशी ती या भाषेत पहिल्यांदाच बोलत होती. रोपं तयार झाली असतील, ती सांगू लागली. आणखी काही दिवस तशीच राहिली तर जून होतील, मग लावून उपयोग नाही. खाचर पडीक राहील. आबा असताना एकदाही राहिलं नव्हतं. हे सगळं तिनं बातम्या वाचाव्यात तसं सपाट आवाजात सांगितलं.

‘‘आपण लावू,’’ मी म्हणालो आणि लगेच भ्यालो.

‘‘तुमाला चिखलात हुभं तरी ऱ्हाता येतंय का?’’

‘‘न्हाई.’’

माझं ते ‘न्हाई’ बहुधा बेसूर झालं. ती हसली नाही. मांडीवरचा फोन उचलून तिनं आबांच्या शेजारणीला, तुळजाबाईंना लावला.

‘‘वयनी, रोपं कशी हायेत?’’ पलीकडचं तिनं ऐकून घेतलं. ‘‘मग बाया बगून ठिवा. सकाळच्या येष्टीनं येतोय आमी. दोगं बी.’’

कुकर रिकामाच होता. तो घासून ठेवलेला होता, की ती काढून विसरली होती, हे मी विचारलं नाही. तांदूळ धुतले, पाणी घातलं. ते जास्त झालं. तिसऱ्या शिट्टीला बाहेरून तिचा आवाज आला, ‘‘झाला. बंद करा.’’

भाताचा गोळा झाला होता. तिनं तो खाल्ला, सगळा. मग ताट उचलताना म्हणाली, ‘‘जुनी पॅन्ट हाय का एकांदी तुमची?’’