लंकाबाईंच्या हातातली किल्ली

मी एक किल्ली बोलतेय. मला दात नाहीत, कडी नाही, आणि जुडग्यात खुळखुळण्याचं सुखही माझ्या वाट्याला आलं नाही. मी म्हणजे खेळायच्या पत्त्याएवढा प्लास्टिकचा चपटा तुकडा. पोटात केसाएवढी बारीक तार गुंडाळलेली आहे, तीच माझी अक्कल. नाशिकच्या बाहेर, गंगापूर धरणाच्या अंगाला एक मोठं हॉटेल आहे. तिथे मी कामाला आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. एका पांढऱ्या पत्र्यातून आम्हा पाचशे बहिणींना एकाच दमात कापून काढलं आणि खोक्यात भरलं. खोकं उघडलं ते थेट या हॉटेलात. इथे काउंटरवर माणूस बसत नाही. दारातून आत आलं की उजव्या हाताला माणसाएवढं उंच यंत्र उभं आहे. पाहुण्यानं त्यात आपलं नाव शोधायचं, आधार कार्ड दाखवायचं, काचेत तोंड दाखवायचं आणि बोटानं सही करायची. सगळं जुळलं की यंत्र माझ्यावर खोलीचा नंबर लिहितं आणि मला खालच्या फटीतून बाहेर सोडतं. पाहुणा गेला की नंबर पुसून टाकतं. आज मी एकशे सात, उद्या चारशे बारा.

नंबर पुसला जातो, पण ऐकलेलं मला पुसता येत नाही. माणसांविषयी मला पहिल्यापासून फार कुतूहल. माझी त्यांच्याशी ओळख बोटांमधून होते. काहीजण मला हनुवटीखाली धरून दोन्ही हातांनी बॅगा उचलतात. एक औषधकंपनीचे साहेब मला बुटात ठेवायचे आणि मग सगळ्या खिशांत शोधायचे. एक नवी जोडी पंखा किती जोरात हवा यावरून भांडली आणि दोघांनी मला आळीपाळीनं पलंगावर आपटलं. एक निवृत्त मास्तर मात्र मला हातात घेऊन यंत्राला "आभारी आहे" म्हणाले. यंत्रानं काही उत्तर दिलं नाही, तरी ते क्षणभर थांबले होते.

अशा शेकडो हातांमधून मी गेले. त्यांतले दोन हात मी विसरले नाही.

मार्गशीर्षातली दुपार होती. दोघी आत आल्या. पुढे उज्वला, तिशीतली, इंदिरानगरला राहणारी, एका कंपनीत हिशेबनीस. तिला सातवा महिना लागला होता. मागे तिची सासू लंकाबाई, सायखेड्याची, नऊवारी नीट खोचलेली, हातात कापडी पिशवी. उज्वलाला कंपनीनं या हॉटेलातला एक दिवस बक्षीस म्हणून दिला होता. नवरा योगेश गावी द्राक्षाच्या बागेत अडकलेला. 'त्याला वेळ असता तरी मी आईंनाच आणणार होते,' असं तिनं वाटेत सांगितलं असावं, कारण लंकाबाई आत येताना म्हणत होत्या, "योगेशला राग तर नाय ना आला?"

"नाही आला. तुम्ही गावातल्या सगळ्या बाळंतिणींना तेल लावलंत, आई. तुम्हाला कुणी लावलं कधी?"

लंकाबाईंचं ते कामच होतं. चाळीस वर्षं त्या सायखेड्यात बाळ-बाळंतिणीला मालिश करून न्हाऊ घालत आल्या होत्या. घरची शेती होती, पैशाची ओढ नव्हती. पण कुणाकडे बाळ झालं की आधी लंकाबाईंना सांगावा जायचा.

त्यांनी यंत्राकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. मग इकडेतिकडे पाहिलं.

"इथं 'या' म्हणणारं कुणी नाय?"

"आपलं आपणच आत यायचं, आई."

"मंग पाहुण्याला पाणी कोण देतं?"

उज्वलानं कोपऱ्यातल्या काचेच्या बरणीकडे बोट दाखवलं. काकडीच्या चकत्या टाकलेलं पाणी होतं. लंकाबाईंनी ते पिऊन बघितलं आणि अर्धा पेला तसाच खाली ठेवला. यंत्रानं त्यांचा चेहरा दोनदा नाकारला. आधार कार्डावरचा फोटो दहा वर्षांपूर्वीचा होता. तिसऱ्यांदा त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला, तेव्हा कुठे ओळख पटली.

मी बाहेर आले. त्यांनी मला उचललं आणि मी निसटून फरशीवर पडले. पुन्हा उचललं, पुन्हा पडले.

"गुळगुळीत असतं ते," उज्वला हसत म्हणाली.

मी गुळगुळीत आहे हे खरं. पण पाडणारे हातही मला ओळखू येतात. लंकाबाईंचा हात तेलानं मुरलेला होता, एखाद्या जुन्या पाटासारखा मऊ. त्याला तिळाच्या तेलाचा वास होता. पण अंगठा आणि पुढची दोन बोटं मला धरत नव्हती, नुसती माझ्यावर टेकली होती. मला नवल वाटलं. असं का, हा प्रश्न मनात घेऊनच मी त्यांच्या पिशवीत गेले.

चार वाजता स्पामध्ये त्यांची वेळ होती. तिथल्या नियमानं गर्भारपणात मालिश करत नसत, म्हणून उज्वला खोलीत आडवी झाली आणि लंकाबाई एकट्याच आल्या. मालिश करणारी दीपमाला पेठ तालुक्यातली. तिनं त्यांना मऊ झगा दिला, बांगड्या आणि माळ काढून एका लाकडी ताटलीत ठेवायला सांगितल्या. मलाही त्यांच्यासोबत तिथेच ठेवलं.

आधी पाय धुवायचे असतात. दीपमाला खाली बसली, तशी लंकाबाईंनी पाय पोटाशी ओढले.

"पाय नको गं धरू. बरं नाय दिसत."

"मावशी, हे माझं काम आहे."

"व्हय, पण ते माझंबी हाय."

मग दोघींचं जमलं. दीपमाला पाठीला तेल लावत होती आणि लंकाबाई पालथ्या पडल्या पडल्या तिला सांगत होत्या, अंगठ्यानं दाबू नको, तुझाच अंगठा दुखंल, तळव्याचं बूड टेकव आणि अंगाचा भार सोड. दीपमालानं तसं करून बघितलं आणि म्हणाली, "दोन वर्षं माझे अंगठे ठणकतायत. हे कुणी शिकवलंच नाही."

शेवटी तिनं हात घेतला. उजव्या हाताची बोटं एकेक करून ओढली. पहिलं बोट चांगलं दाबलं. पुन्हा दाबलं, जोर लावून. लंकाबाई डोळे मिटून शांत पडल्या होत्या.

"मावशी, आता मी कुठलं बोट धरलंय?"

तिनं बोट तसंच धरून ठेवलं.

"मावशी?"

"कळंनासं झालंय बाई," लंकाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पोळ्यापासनं. आधी मुंग्या यायच्या. आता तेबी नाय."

आणि मग अनोळखी दीपमालापुढे त्यांनी ते बोलून टाकलं, जे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. महिन्यापूर्वी गावातल्या साधनाच्या घरी वीस दिवसांच्या बाळाला न्हाऊ घालताना त्यांनी पाण्यात बोटं घातली. बोटं म्हणाली, कोमट आहे. त्यांनी तांब्या बाळाच्या पाठीवर ओतला. बाळ किंचाळलं, पाठ लालबुंद झाली. साधनाला वाटलं, पाणी आपणच काढलं होतं, त्यात थंड पाण्याचं विसण घालायला आपणच विसरलो. लंकाबाई गप्प राहिल्या.

"बाळ बरं आहे ना?" दीपमालानं विचारलं.

"तिसऱ्या दिवशी लाली गेली. पण माझ्या जिवाची आग जात नाय. आता घरात नातवंड येणार. उज्वला सगळ्यांना सांगती, आमच्या आई हायत, मला कसली काळजी? तिला कुठल्या तोंडानं सांगू? हात गेल्यावर माझं घरात राहिलं काय?"

दीपमालानं त्यांची बोटं सोडली नाहीत. "मी सुनेला सांगणार नाही, मावशी. ते तुम्हीच सांगायचं. आणि हाताच्या डॉक्टरला दाखवा. मनगटात शीर दबली की असं होतं, आमच्यातल्या एकीला झालं होतं. उशीर करू नका."

संध्याकाळी खोलीत मला दाराशेजारच्या खाचेत बसवलं होतं. मी खाचेत असले तरच खोलीत दिवे लागतात. न्हाणीघर अगदी माझ्या समोर, दार उघडं. उज्वलाचे पाय सुजले होते, म्हणून लंकाबाई तिच्यासाठी मोठ्या टबात पाणी सोडत होत्या. लाल खुणेचा नळ, निळ्या खुणेचा नळ, दोन्ही त्यांनी कुतूहलानं फिरवून बघितले. पाण्यातून वाफ येत होती. उज्वला टबाच्या काठावर बसली आणि सवयीनं म्हणाली, "बघा हो आई, बरोबर आहे का."

लंकाबाईंनी बोटं बुडवली.

"बरोबर हाय."

उज्वलानं पाय उचलला.

"थांब," लंकाबाई म्हणाल्या. "पाय घालू नको. आधी तुझं कोपर लावून बघ."

उज्वलानं कोपर लावलं आणि झटकन मागे घेतलं. ती सासूकडे बघत राहिली. लंकाबाई खाली फरशीवर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. बोटांचं, पोळ्यापासूनचं, साधनाच्या बाळाचं.

मला वाटलं होतं, उज्वला त्यांना जवळ घेईल. पण माणसांविषयीचे माझे अंदाज बरेचदा चुकतात. ती चिडली.

"चार महिने झाले आणि आज सांगताय?"

"भ्याले."

"आणि साधनाला? तिला सांगितलंत?"

"नाय."

"म्हणजे ती अजून समजतेय की तिच्या हातून झालं?"

लंकाबाईंनी मान हलवली. उज्वलानं निळा नळ सोडला. पाणी बेताचं होईपर्यंत ती हातानं ढवळत राहिली. मग ती म्हणाली, "आता उठा. फरशी गार आहे." आणि थोड्या वेळानं, "जेवायला काय मागवू?" झोपायच्या आधी उज्वलानं सासूचा उजवा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट दाबून विचारलं, हे कळतं? हे? करंगळी कळत होती, तिच्या शेजारचं अर्धंमुर्धं. उज्वलानं फोनमध्ये ते नीट लिहून ठेवलं, डॉक्टरांना सांगण्यासाठी.

सकाळी दोघी खाली आल्या. जाताना मला यंत्राशेजारच्या पेटीत टाकायचं, की झालं. उज्वलानं हात पुढे केला, तर लंकाबाईंनी मला डाव्या मुठीत घट्ट धरलं.

"थांब जरा. आधी साधनाला फोन लाव."

"गावी जाऊन सांगा ना समोर."

"समोर जाईनच. पण गावापतुर माझा धीर टिकायचा नाय."

फोन लागला, उज्वलानं तो स्पीकरवर धरला. लंकाबाई उभ्याच होत्या. त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. "साधना, त्या दिवशी पाणी तू बरोबर काढलं व्हतं. इसण मीच नीट पाहिलं नाय. माझ्या बोटांना कळत नाय. बाळाची पाठ माझ्यामुळं भाजली."

पलीकडे बाळाचं कुरकुरणं ऐकू आलं. मग साधनाचा आवाज.

"मावशी, महिना झाला. घरातलं एकएक माणूस मला बोलतंय. पाणी तापवायची अक्कल नाय म्हणून. मी आता त्याला हातात घ्यायलाबी भिते."

"माझं चुकलं, पोरी."

"तवाच सांगायचं व्हतं."

"व्हय. आज मी तुझ्या घरी येते. सगळ्यांसमोर सांगते."

साधना म्हणाली, "चारच्या आत या. तवा सासूबाई घरी असत्यात." फोन बंद झाला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि लंकाबाईंनीही 'माफ कर' म्हटलं नाही. त्यांनी मला पदराला पुसलं आणि पेटीत टाकलं. उज्वला त्यांची पिशवी घ्यायला वाकली, तर त्या म्हणाल्या, "वाकू नको, अशा दिवसांत." आणि दोघी बाहेर गेल्या.

यंत्रानं माझ्यावरचा नंबर पुसला. पुढे काय झालं या विचारानं मात्र मी कितीतरी दिवस तळमळले. कुठलाही पाहुणा सायखेड्याचं नाव काढेल म्हणून कान देऊन असायचे. कुणी काढलं नाही.

पुढे माझा एक कोपरा तुटला. यंत्र मला तिसऱ्या खेपेला वाचू लागलं आणि एक दिवस वाचेनासंच झालं. अशा किल्ल्या कचऱ्यात जातात. पण दीपमालाला स्पाच्या खोलीतल्या खाचेत घालायला एक कार्ड हवं होतं, दिवे चालू राहावेत म्हणून. तिनं मला मागून घेतलं. तेव्हापासून मी तिथे आहे, आणि बातमी कळली ती तिथेच.

चैत्रात स्पाच्या नंबरावर दीपमालाला उज्वलाचा फोन आला आणि तिनं तो स्पीकरवर घेतला. मुलगी झाली होती. लंकाबाईंच्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली. अंगठ्याला पुष्कळ कळू लागलंय, मधल्या बोटाला अजून नाही, आणि कदाचित कळणारही नाही. साधनाच्या घरी त्या दिवशी लंकाबाईंनी सगळं सांगितलं. सासू फार बोलली, त्यांनी ऐकून घेतलं. साधनानं त्यांना पुन्हा कामाला बोलावलं नाही, पण आता बाळाला ती स्वतःच न्हाऊ घालते.

"आणि तुमच्या मुलीला?" दीपमालानं विचारलं.

"मीच घालते," उज्वला म्हणाली. "आई शेजारी पाटावर बसतात आणि बोलत राहतात. इतक्या चुका काढतात की काही विचारू नका." मागून कुणीतरी मोठ्यानं सांगत होतं, बाळाची मान धर, फोन ठेव आधी.

दीपमाला हसली आणि तिनं फोन ठेवला.

आता मी म्हातारी झालेय. एका जागी बसून असते. दिवे लावणं एवढंच माझं काम, आणि ऐकणं. या खोलीत माणसं येतात, माळा-घड्याळं काढून ठेवतात, आणि तेल लागलं की मनातलं बोलतात. परक्या माणसाला सांगून मोकळी होतात आणि घरी जातात. घरी गेल्यावर ती ते बोलतात का, हे मला कधीच कळत नाही. माझी मजल दारापर्यंत. म्हणून, या खोलीत येणाऱ्यांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. इथे जे बोललात ते ज्याला सांगायला हवं त्यालाही सांगा, आणि जमलं तर पुढच्या खेपेला आलात की दीपमालाला कळवा. मी ऐकत असेन.