पेटी जागी झालीच नाही

"दिवा तर हिरवाच आहे की!" काचाले ओरडला. "मग मेलं कशानं हे?"

तिसुंगे खांबाखाली लॅपटॉप उघडत होती. शिरे नदीच्या काठावर, उंच खांबावर तिनेच बसवलेली पेटी धडधाकट उभी होती. आत एक छोटा संगणक-बोर्ड होता. त्याला पाण्याची उंची मोजणारा सेन्सर आणि गावाकडे तोंड केलेला भोंगा जोडलेला होता. पाणी चढले की भोंगा वाजायचा. पण काल पहाटे चितालो गावात पाणी शिरले, तेव्हा भोंग्याने ब्रसुद्धा काढला नाही. चार घरे गेली, आणि सगळे ज्याला बाम्बो, म्हणजे बाबा, म्हणत त्या नदीवरच्या राखणदार सेंबाची बायको एनेसी गेली.

"वीज पडली असेल," काचाले पुटपुटला. तो लिम्बे शहरातल्या, पेट्या बनवणाऱ्या कार्यशाळेतला तिचा वरिष्ठ. माणूस भला, पण अंगाशी आलेली गोष्ट आभाळावर ढकलण्यात तरबेज.

तिने सेन्सरच्या तारेला लॅपटॉप जोडला. पडद्यावर पाण्याचा आकडा उमटला. त्याखाली बोर्डाचे उत्तर आले: असा हुकूम माहीत नाही. पुन्हा आकडा आला. पुन्हा तेच उत्तर.

तिसुंगेने पडदा काचालेकडे वळवला.

"सर, हा बोर्ड सुरूच झालेला नाही."

अशा बोर्डावरचा पहिला सीरियल पोर्ट, म्हणजे तार जोडायची जागा, बोर्ड बनवणाऱ्याच्या हुकमांसाठी राखलेला असतो. वीज आली की बोर्ड तिथे क्षणभर कान देतो, आणि कुणी काही टाइप केलेच, तर सुरू व्हायचे सोडून हुकमाची वाट बघत बसतो. सेन्सर दुसऱ्या पोर्टला लावायचा, नाहीतर सेटिंगमध्ये जाऊन पहिल्याची ही खोड मोडायची. तिने यातले काहीच केले नव्हते, कारण कार्यशाळेत कधी अडलेच नव्हते. महागडा सेन्सर जळू नये म्हणून तिथे शिस्तच होती, आधी बोर्ड सुरू करायचा आणि मग तार जोडायची. इथेही तिने तसेच केले होते. पण नदीकाठी वीज जाते आणि परत येते, तेव्हा दोघे एकदमच उठतात. सेन्सर आधी बोलतो, आणि बोर्ड ते कुणीतरी टाइप केलेले हुकूम समजून अडून बसतो.

"म्हणजे पाणी चढतंय हे तो सांगत होता?" काचालेने विचारले.

"एकसारखा सांगत होता. आणि हा दर वेळी म्हणत होता, कळलं नाही."

काचाले जवळ सरकला. "कुणाला बोलू नकोस हे. वीज पडली, विषय संपला. तुझी नोकरी जाईल, बाई, आणि माझीही."

"खालच्या काठाच्या गावांतही अशाच पेट्या आहेत, सर. सगळ्या माझ्याच हातच्या. आभाळ बघा जरा, पुन्हा भरून आलंय."

तेवढ्यात सेंबा चिखल तुडवत आला. अंगावर कालचाच शर्ट होता.

"सापडलं का काही?"

काचालेने तिचा दंड दाबला. तिने तो सोडवून घेतला.

"बाम्बो, वीजबीज काही पडली नाही. पेटी माझ्या चुकीनं गप्प राहिली. मी ती नीट जोडलीच नव्हती."

म्हाताऱ्याने खांबावर हात टेकला.

"पाणी चढलं की मी ढोल बडवायचो," तो म्हणाला. "तू म्हणालीस, आता निवांत झोपा. एनेसी म्हणाली, ऐका की त्या पोरीचं, शिकलेली आहे ती. मग झोपलो."

आवाज अजिबात चढला नव्हता. त्याने एक मुस्काटात मारली असती तर बरे झाले असते, असे तिला वाटले.

"खाली पण ह्याच पेट्या आहेत ना?" त्याने विचारले.

"हो."

"तिथले लोक काय करतायत?"

"पेटीवर भरवसा ठेवून बसलेत, बाम्बो."

"मग इथं काय उभी राहिलीस? फोन लाव."

तिने खिशातून फोन काढला, पण बोटे भलत्याच आकड्यांवर पडत राहिली. दुसऱ्यांदा फोन चिखलातच पडला. सेंबाने तो उचलला, शर्टाला पुसला, खालच्या गावच्या राखणदाराचे नाव विचारले आणि स्वतःच नंबर लावला. मग फोन तिच्या कानाशी धरला.

"बोल," तो म्हणाला.

पलीकडे घंटी वाजत होती. मागच्या चढावरून कुणीतरी त्याला हाक मारली. एनेसीची कबर खणून झाली होती, सगळे खोळंबले होते. सेंबाने मोकळा हात वर करून त्यांना थांबायची खूण केली आणि फोन तसाच धरून उभा राहिला.