विहिरीपासून तिसरं घर

“काका, हा तुमचा शिक्का बरोबर गावाच्या उरावर बसलाय बघा,” स्कॅनरवाली म्हणाली आणि खुर्ची मागे सरकवून तिने पडद्यासमोर जागा करून दिली.

काका चष्मा पुसत पुसत वाकले. नकाशा कार्यालयाच्या खिडकीवर कारकुनी करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती आणि आता निवृत्तीला मोजून आठ दिवस राहिले होते. कार्यालयात सगळे त्यांना नाहीकाका म्हणत. तोंडावर नव्हे, पण भिंतींना कान असतात तसे काकांनाही होते. नाव काही खोटं नव्हतं. खिडकीशी माणूस आला, की त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत काकांच्या तोंडून “नाही” बाहेर पडे. हा कागद मिळणार नाही. तो परवानगीशिवाय मिळणार नाही. हा रद्द झालाय, तो मिळणार तर नाहीच, बघताही येणार नाही. बायको म्हणायची, “चहा हवा का विचारलं तरी आधी नाही म्हणता, मग कप पुढे करता.”

आणि आता वरून आदेश आला होता. खात्याचे सगळे नकाशे, नवे-जुने, चालू-रद्द, सगळे लोकांना खुले. कुणीही घरबसल्या बघावेत, उतरवून घ्यावेत, छापावेत, त्यांचं हवं ते करावं. अर्ज नको, परवानगी नको, फी नको. पंधरा दिवस स्कॅनरवाली एकेक कागद काचेवर पसरत होती आणि काका कपाटातून गठ्ठे काढून देत होते. आज शेवटचा गठ्ठा होता. पाच वाजता तोही संकेतस्थळावर चढणार आणि मूळ कागद उद्या सकाळी दूरच्या गोदामात जाणार. एकदा तिथे गेलेला कागद पुन्हा हाताला लागणं कठीण, हे काकांइतकं कुणाला ठाऊक असणार?

पडद्यावर नदीचं वळण होतं, तपकिरी रेघांच्या टेकड्या होत्या आणि मधोमध जांभळ्या शाईत भलामोठा शिक्का: रद्द.

“कागद क्रमांक काय म्हणालीस?”

तिने क्रमांक वाचला. हा क्रमांक काकांना स्वतःच्या फोन नंबरासारखा पाठ होता. याच कागदासाठी एक शिवणकाम करणारी बाई अकरा वर्षं, दरवर्षी याच आठवड्यात, मशीनचे सुटे भाग घ्यायला शहरात आली की खिडकीशी येत होती. धरणाखाली गेलेल्या गावची होती ती. पहिल्या वर्षी काकांनी तिला नवा नकाशा दाखवला होता. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “हे तर नुसतं निळंय.” तिला जुना हवा होता, धरणाच्या आधीचा. जुना रद्द होता. रद्द कागद द्यायचा नाही, दाखवायचा नाही, असा नियम. काकांनी अकरा वेळा नाही म्हटलं, आणि नाही म्हणायला कागद बाहेर काढावा लागत नाही. त्यामुळे शिक्का कुठे बसलाय हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

खरं म्हणजे शिक्का मारायचीही रीत असते. तो खालच्या समासात मारायचा, कोऱ्या जागेत. कागद रद्द झाला तरी त्यासाठी कुणीतरी उन्हातान्हात डोंगर चढलेला असतो, त्याच्या रेघेवर शाई सांडू नये, असं काकांना त्यांच्या हेडक्लार्कने शिकवलं होतं आणि काका ते डोळ्यांत तेल घालून पाळत आले होते. एक दिवस सोडून. त्या दिवशी छत्तीस कागद संध्याकाळच्या आत रद्द करायचे होते आणि काकांना लवकर घरी जायचं होतं. घरी म्हणजे नव्या घरी. दोन खोल्यांच्या किल्ल्या त्या संध्याकाळी हातात पडणार होत्या, बायको दोन्ही मुलांना घेऊन जिन्यात वाट बघत बसणार होती. काकांनी गठ्ठा पुढ्यात ओढला आणि जिथे हात पडेल तिथे धडाधड शिक्के हाणले. म्हटलं, आता कोण बघतंय हे कागद.

“काय झालं काका? बसा जरा.”

“इथं गाव होतं,” काका म्हणाले. “शिक्क्याखाली.”

“मग चढवू का असाच?”

“नाही,” काका म्हणाले.

स्कॅनरवाली हसली. “आदेश आहे, कागद जसा आहे तसाच चढवायचा. मूळ कागदाला हात लावायचा नाही.”

“कागदाला कोण हात लावतंय? असा चढव एक. आणि त्याच्याशेजारी दुसरा चढव, शिक्का काढलेला. मशीनला जांभळा रंग वगळता येतो ना?”

“येतो. पण तेवढ्यानं होईल असं वाटत नाही हं, सांगून ठेवते.”

पहिल्या झटक्यात शिक्का फिका पडला आणि खालून गाव वर आलं. काळे बारीक चौकोन म्हणजे घरं. एक पोकळ गोल म्हणजे विहीर. नदीकडे उतरणारी पायवाट, ठिपक्याठिपक्यांची. काका बोटाने घरं मोजू लागले. विहिरीपासून एक. दोन. आणि पुढे शाईचा डाग. जोडाक्षराची जाड रेघ नेमकी तिथे टेकली होती, आणि घाईत शाई इतकी ओतली गेली होती की मशीनला काळं कुठलं आणि जांभळं कुठलं ते कळेना. स्कॅनरवालीने चार वेळा रंग वर-खाली केले. डाग गेला की घरही जायचं, घर आणलं की डागही यायचा.

“चौदा घरं दिसतायत की काका. एक नाही दिसलं तर काय बिघडलं?”

“तिला तेच हवंय.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

काका खिडकीपाशी गेले आणि अर्जांची नोंदवही घेऊन आले. पानं उलटत गेले. प्रत्येक वर्षी एक ओळ, शिवणाऱ्या हाताचं नीटस अक्षर. कारण या रकान्यात पहिल्या वर्षी लिहिलं होतं, ‘आईला घर दाखवायचे आहे. विहिरीपासून तिसरे.’ दुसऱ्या वर्षी तेच. अकराव्या वर्षीही तेच. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, शेरा या रकान्यात, काकांच्या हातचं ‘नामंजूर’.

स्कॅनरवालीने वाचलं. तिची चेष्टा तिथेच थांबली.

“म्हातारीला विसर पडत चाललाय,” काका म्हणाले. “गेल्या वर्षी लेक सांगत होती. रोज संध्याकाळी पिशवी भरून दारात बसते आणि विचारते, घरी कधी जायचं. ही म्हणाली, साहेब, कागदावर तरी दाखवते. आणि मी काय म्हणालो माहितेय? म्हणालो, पुढच्या वर्षी बघू.”

काका एकदम उठले. मागच्या खोलीत आरेखकांचं जुनं टेबल पडलं होतं, काचेचं, आत दिवा असलेलं. नकाशे हाताने काढायचे त्या काळात त्यावर कागद ठेवून खालची रेघ वर गिरवत. दहा वर्षांत त्यावर चहाचे कप आणि मोडके पंखे यांच्याशिवाय काही ठेवलं गेलं नव्हतं. काकांनी ते पुसलं, वायर जोडली. दिवा दोनदा फडफडला आणि लागला. कागद त्यांनी पालथा घालून काचेवर पसरला.

“शाई वर बसते, छपाई मुरलेली असते,” ते पुटपुटले. “उजेड खालून आला की खोटं उडून जातं.”

जांभळा डाग उजेडात विरघळला आणि त्याच्या मधोमध, मुगाच्या दाण्याहूनही लहान, काळा चौकोन उभा राहिला. काकांचा जीव भांड्यात पडला. स्कॅनरवालीने वरून कॅमेरा लावला, चित्र उलटवून सुलटं केलं, नकाशात बसवलं आणि माहितीच्या रकान्यात येऊन थांबली.

“इथं लिहावं लागेल, बदल का केला. मी लिहिते, ‘शाईचा डाग होता.’ बस्स.”

“डाग आपोआप पडतो होय? लिही, रद्दचा शिक्का चुकीच्या जागी मारला गेला होता. मारणाऱ्याचं नाव घाल. माझं.”

“काका, आठ दिवस राहिलेत तुमचे. हे अख्ख्या जगाला दिसणार आहे. कशाला उगाच? कुणाला कळणारय?”

“मला कळलंय ना. घाल नाव.”

तिने घातलं.

दुपारी चार वाजता खिडकीच्या गजांपलीकडे ती शिवणकाम करणारी बाई उभी होती, पण या वेळी एकटी नव्हती. तिच्या दंडाला धरून एक वाळकी म्हातारी उभी होती, काखेत कापडी पिशवी, डोळे सगळीकडे भिरभिरणारे.

“आईला एकटं सोडता येत नाही आता, म्हणून सोबत आणलंय,” ती म्हणाली. “अर्ज लिहूनच आणलाय, साहेब. तुम्हाला माहीतच आहे कुठला.”

“नाही,” काका म्हणाले, सवयीने. मग स्वतःवरच वैतागले. “म्हणजे अर्ज नको. आत या. दोघी आत या.”

तिचा विश्वास बसेना. अकरा वर्षांत त्या दारातून तिला कुणी आत बोलावलं नव्हतं. “मी काही चुकीचं लिहिलं का?” तिने विचारलं.

“तुम्ही नाही, ताई. चुकीचं मी केलं होतं,” काका म्हणाले, आणि कागद कुठे होता, शिक्का कुठे होता, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. त्या संध्याकाळच्या घाईचं कारणही सांगितलं. नव्या घराच्या किल्ल्याही वगळल्या नाहीत. ती ऐकत राहिली. रागावली असती तर काकांना बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “घर मिळालं ना पण तुम्हाला? चांगलंय?”

“चांगलंय,” काका म्हणाले.

स्कॅनरवालीने मोठ्या कागदावर छापून काढलेला नकाशा टेबलावर पसरला. पाच वाजल्यापासून हा कुणालाही मिळेल, तुमच्या फोनवरही, तिने सांगितलं. शिवणवालीने बोटाने विहीर शोधली, घरं मोजली आणि तिसऱ्यावर येऊन तिचं बोट थांबलं. मग तिने आईला पुढे घेतलं. “आई, बघ. आपलं गाव.”

म्हातारीने बघितलं. “या कसल्या मुंग्या?”

“मुंग्या नाहीत गं, घरं आहेत. ही नदी. ही बघ विहीर.”

“नदी इकडं कुठं? काहीतरीच दाखवतेस,” म्हातारी म्हणाली आणि पिशवी सावरून दाराकडे बघू लागली. “चल, घरी जाऊ. उशीर होतोय.”

लेकीने कागद पुन्हा तिच्या पुढे सरकवला, पुन्हा सांगितलं, पुन्हा बोट ठेवलं. म्हातारी बघेना. लेकीचे डोळे भरून आले. अकरा वर्षांची खटपट अशी मातीत जाताना बघणं काकांना सोसवेना.

“आजी,” ते म्हणाले, “तुमच्या घराचं दार कुणीकडं होतं?”

“नदीकडं. दुसरीकडं कुठं असणार?” म्हातारी फटकन म्हणाली. “उंबऱ्यावर बसलं की समोर पाणी.”

काकांनी कागद दोन्ही हातांनी उचलला आणि उलटा फिरवून ठेवला. उत्तर खाली, दक्षिण वर, सगळी अक्षरं डोक्यावर उभी. तीस वर्षांत त्यांनी कुणालाही नकाशा असा धरू दिला नव्हता. आता गाव म्हातारीच्या पुढ्यात होतं आणि नदी पलीकडे, समोर.

म्हातारीने पिशवी हळूच खाली ठेवली. मग तिचं वाकडं बोट टेबलावर उतरलं, डावीकडे विहिरीपाशी गेलं आणि कुणी न सांगता उजवीकडे चालू लागलं. “ही आक्काची ओसरी,” ती म्हणाली. बोट पुढे सरकलं. “हे लोहाराचं. सकाळी उठल्यापासून ठोकाठोक.” बोट आणखी पुढे गेलं आणि काळ्या चौकोनावर थांबलं. तिथून ते हलेना.

“दार ओढून घेतलं होतंस ना गं?” म्हातारीने लेकीला विचारलं.

“घेतलं होतं, आई.”

“आणि कडी?”

“कडीही लावली होती.”

“मग ठीकंय,” म्हातारी म्हणाली. ती खुर्चीत मागे टेकली आणि आल्यापासून पहिल्यांदा तिचे डोळे एका जागी स्थिरावले. त्यानंतर घरी जायचं नाव तिने काढलं नाही. कागदाची सुरळी करताना मात्र तिने एकदा बजावलं, “घडी पाडू नकोस. घरातून जाईल.”

जाताना शिवणवालीने सवयीने विचारलं, “सही कुठं करू?”

“सही लागत नाही आता,” काका म्हणाले.

ती बाहेर पडून दोन पावलं गेली, परत आली, आणि गजांमधून हात घालून तिने आणलेला अर्ज टेबलावर ठेवला. “असू दे तुमच्याकडं. लिहिलाय तर.” मग आईचा दंड धरून ती पायऱ्या उतरू लागली. सुरळी म्हातारीने स्वतःच्या हातात घेतली होती आणि पिशवी लेकीकडे दिली होती.

पाच वाजता स्कॅनरवालीने शेवटचा गठ्ठा चढवला आणि हात झटकले. काका खिडकीत बसले होते. नोंदवही आजपासून बंद करायची होती. त्यांनी ती उघडली, अर्ज समोर घेतला आणि बाराव्या वर्षाची ओळ रीतसर उतरवून काढली: तारीख, कागद क्रमांक, कारण, विहिरीपासून तिसरे. मग पेन शेरा या रकान्याशी आणलं. मागच्या पानांवर अकरा वेळा एकच शब्द होता आणि हात त्याच वळणाला सरावला होता. काकांनी पेन उचललं, क्षणभर थांबले आणि सावकाश, शाई कुठेही पसरणार नाही अशा बेताने लिहिलं, ‘दाखवले.’