डब्यातला खाऊ

रुबीनाने स्टीलच्या डब्यात मूठभर चिंचोके टाकले, झाकण घट्ट बसवलं आणि माइकसकट डोक्यावरून गोधडी ओढून घेतली. खाली तिच्या भावाचं, तारिकचं, मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. भर दुपारी आर्णीच्या त्या गल्लीत आवाज अडवायचा तर गोधडीखेरीज दुसरा स्टुडिओ तिला आणि दिपालीला परवडणारा नव्हता.

गोधडीच्या आत डबा खुळखुळला. मग घामाने निथळणारं डोकं बाहेर आलं.

"आला. आता खारका दे."

दिपालीने खारका दिल्या नाहीत. ती हातातला फोन उलटासुलटा करत बसली होती.

दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. दिपालीच्या घरी भुलाबाई बसायची, महिनाभर संध्याकाळी गाणी व्हायची आणि शेवटी झाकलेला डबा यायचा. आत कोणता खाऊ आहे ते डबा हलवून, नुसत्या आवाजावरून ओळखायचं. बाकीच्या पोरी मुरमुरे की लाह्या करत बसायच्या आणि रुबीना मागून एकच शब्द बोलायची, की डबा उघडावा लागायचा. पुढे दिपाली पुण्याहून संगणक शिकून आली आणि दोघींनी त्याचाच गेम केला. फोन हलवायचा, कानाशी धरायचा, ओळखायचं. प्रत्येक आवाज रुबीनाने खऱ्या डब्यात खरा खाऊ घालून घेतलेला. नोकरी न शोधता दोघी यातच बसल्या. घरचे म्हणत, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजताहेत, आणि त्यांचं तरी काय चुकत होतं? ज्यांनी गेम घेतला त्यांनी तोंड भरून कौतुक केलं आणि दुसऱ्यांदा कोणी उघडला नाही.

हैदराबादच्या, गेम बनवणाऱ्या एका मोठ्या स्टुडिओने मात्र तो पुन्हा पुन्हा उघडला. तिथल्या कपिल नावाच्या माणसाने दिपालीला फोन केला. फक्त दिपालीला. त्यांच्या गेममध्ये खेळणाऱ्याला बंद पेट्या मिळत, पैसे भरून त्या उघडायच्या. पेटी आधी हलवता आली तर बहार येईल, असं त्याचं म्हणणं.

"फक्त ओळखता येता कामा नये," तो अगदी गोड मराठीत म्हणाला होता. "जवळ आलं होतं, थोडक्यात हुकलं, असं वाटलं पाहिजे. मग माणूस पुढची पेटी उघडतो."

चाचणी म्हणून तेवढं करून पाहायचं आणि नोकरीवर येणार की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं. आलात तर स्वतःचे गेम बंद, ही अट होतीच.

दिपालीला किळस आली होती ती काम जमल्याची. स्वतःच्या गेममधल्या एकेका गोष्टीसाठी तिने महिनोन्महिने डोकं आपटलं होतं. हे बसल्या बैठकीला झालं. आवाज रुबीनाचेच, थोडे पुसट, थोडे एकमेकांत मिसळलेले. काहीही ओळखा, डबा उघडला की शेजारचंच काहीतरी निघणार. आपण इतक्या बेमालूम लबाड असू, हे तिला ठाऊक नव्हतं.

कालपासून ती रुबीनाला सांगायचं म्हणत होती आणि ऐन वेळी तोंडाला कुलूप बसत होतं. शेवटी तिने ठरवलं, सांगायचं नाही, नुसतं हातात द्यायचं. या पोरीचा कान फसणार नाही. ती शिव्या घालेल, फोन भिरकावेल. मग कपिलला नाही म्हणून कळवायचं आणि याच गोधडीपाशी बसून राहायचं. खरं तर दिपालीला तेच हवं होतं. कोणीतरी तिला अडवायला हवं होतं, आणि अडवू शकेल असं माणूस जगात एकच होतं.

"हे पाय जरा," तिने फोन पुढे केला.

"नवीन केलं? मले सांगतलं नाही वं." रुबीनाने फोन हलवून कानाशी नेला. "फुटाने."

डबा उघडला. शेंगदाणे.

रुबीना हसली. "असं कसं? परत दे." पुन्हा हलवला. "खारका."

बदाम निघाले. आता ती हसली नाही. गोधडी बाजूला सारून ताठ बसली, डोळे मिटले.

"आवाज तं माह्याच डब्याचा हाय. मी काहून चुकून राह्यली?"

दिपाली वाट पाहत होती. आता फेकेल. आता.

"रुबीना, चाय ले जा!" खालून तारिकने हाक मारली. थोड्या वेळाने पुन्हा मारली. कुकरच्या शिट्टीवरून कोणाच्या घरी भात लागलाय ते सांगणारी रुबीना, तिने मान वर केली नाही. तिचं मनगट चालूच होतं. हलव, ऐक, उघड. हलव, ऐक, उघड.

"रुबे, राहू दे आता."

"थांब वं. आताच्या डावाले जवळ आलतं."

दिपालीने फोन घ्यायला पुढे केलेला हात मागे घेतला.

"दिपे," रुबीनाची नजर फोनवरच होती, चेहरा उजळला होता, "आपल्याले हेच पाह्यजे होतं. इतके दिवस उगाच डोक्सं फोडलं आपन. आपल्या गेममधी हेच टाक."

"आपल्या गेममधी ओळखता येते, रुबे."

"ओळखता येते म्हनून तं कोनी दुसऱ्यांदा खेळत नाही."

हैदराबादला गेलं तरी हेच करायचं आणि राहिलं तरी हेच. दिपालीला मोठ्याने रडावंसं वाटलं. त्याऐवजी तिने लॅपटॉप ओढला आणि कपिलला दोन ओळी लिहून पाठवल्या.

"रुबे, आयक. हैदराबादच्या स्टुडिओनं मले बोलावलं. हे त्यायच्यासाठीच केलं मी. मी चालली."

"हां."

"तुले नाही बोलावलं. मले एकटीलेच."

"हां वं, आयकलं." रुबीनाने फोन हलवला, कानाशी धरला आणि दुसऱ्या हाताने तिला गप्प राहण्याची खूण केली. "जाशीन तवा जा. पन हे पह्यले माह्या फोनमधी टाकून दे."

ती वर पाहील म्हणून दिपाली बराच वेळ थांबली. मग तिने रुबीनाचा फोन उचलला आणि वायर जोडली.